पंचवीस तासांचा दिवस की तेवीस तासांचा?

ज्यांची मुले अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्थायिक झाली आहेत अशा आईवडिलांची साताऱ्यात आता वानवा राहिलेली नाही. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने फिरायला जाणाऱ्या आमच्या घोळक्यातच अशी चारपाच घरे निघतील. त्यांच्या बोलण्यात व्हिसाची मुलाखत, विमानतळावरची व्हीलचेअर आणि परत आल्यावर कित्येक दिवस ताळ्यावर न येणारी झोप हे विषय ठरलेले असतात. मी मात्र गेली काही वर्षे त्या घोळक्यात वेगळाच विषय काढते. अटलांटिक महासागर विमानाऐवजी बोटीने ओलांडता येतो, आणि ज्याला तो एकाच बाजूने ओलांडणे परवडते त्याने जाताना ओलांडावा की येताना, हा तो विषय. लोक आधी हसतात, मग हळूच खर्च विचारतात आणि शेवटी दिशेच्या प्रश्नावर येतात. माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे.

इंग्रज आणि अमेरिकन प्रवाशांनी या प्रश्नाचे उत्तर जणू ठरवूनच टाकले आहे. युरोपातून अमेरिकेकडे, म्हणजे पश्चिमेकडे जाणारी बोट घ्यावी, असे ते सांगतात, आणि त्यामागचे कारण सरळ आहे. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत पाच तासांचा फरक आहे. साउदॅम्प्टनहून निघालेली बोट सात रात्रींनी न्यूयॉर्कला लागते आणि त्यांतल्या पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतले जाते, त्यामुळे त्या दिवसांना पंचवीस तास मिळतात. उलट दिशेला हेच पाच तास एकेक करून परत करावे लागतात आणि दिवस तेवीस तासांचा होतो. दोन्ही तिकिटांवर सात रात्रीच लिहिलेल्या असतात, परंतु प्रत्यक्ष पाण्यावरचा वेळ मोजला तर पश्चिमेकडचा प्रवासी पूर्वेकडच्या प्रवाशापेक्षा सुमारे दहा तास अधिक समुद्रावर राहतो. जेवणखाण, नाटक, व्याख्यान आणि आरामखुर्ची या सगळ्यांचे पैसे आधीच भरलेले असताना दहा तास फुकटात मिळत असतील, तर हिशेबी माणसाला आणखी काय हवे? माझे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत. त्यांना एवढे पुरले, आणि पहिल्या खेपेला आम्ही मुंबईहून लंडनपर्यंत विमानाने जाऊन पुढे पश्चिमेची बोट धरली.

या मार्गावर दोन्ही दिशांनी, ठरलेल्या वेळापत्रकाने नियमित फेऱ्या करणारी जुन्या परंपरेतली लाइनर आज एकच उरली आहे, ती म्हणजे २००४ पासून चालणारी क्वीन मेरी २. बोट तब्बल ३४५ मीटर लांब असल्याने तिच्यावर पाऊल ठेवल्यानंतर आपण तरंगत आहोत, याची जाणीव होण्यासाठी बराच वेळ वाट पाहावी लागते. जेवून केबिनमध्ये परतावे तर उशीवर एक छोटे कार्ड ठेवलेले असे आणि त्यावर आज रात्री घड्याळ एक तास मागे करावे, अशी सूचना असे. पहाटे चार-साडेचारलाच जाग येई. वर चहाच्या जागी गेले की आमच्यासारखीच वीस-पंचवीस वयस्कर मंडळी कप हातात धरून काळ्या खिडकीकडे बघत बसलेली दिसत, आणि मिळालेल्या जादा तासाचे आता करायचे काय, असा भाव सर्वांच्याच चेहऱ्यावर असे. यजमानांनी मात्र मनगटावरचे घड्याळ साताऱ्याच्या वेळेवरच ठेवले होते. बोटीचे घड्याळ बोटीपाशी, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या घड्याळाचा एकदा चांगला उपयोग झाला. वाटेतच संकष्टी आली आणि माझा उपास होता. जूनमध्ये त्या अक्षांशांवर सूर्यच रात्री उशिरापर्यंत मावळत नाही, त्यामुळे चंद्रोदय अकराच्या आसपास होणार हे भूगोलाच्या बाईला कळायला अडचण नव्हती. परंतु आदल्या दिवसापासून धुके दाटले होते. न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेला ग्रँड बँक्स या उथळ समुद्रावर गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह आणि लॅब्राडोरचा थंड प्रवाह समोरासमोर येतात, आणि उबदार हवा थंड पाण्यावरून सरकली की उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे धुक्याची भिंत उभी राहते. हे मी शाळेत वर्षानुवर्षे फळ्यावर बाण काढून शिकवले होते, पण त्या धुक्याला आवाज असतो हे मला ठाऊक नव्हते. धुक्यातून चालणाऱ्या बोटीने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने लांब भोंगा द्यावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि तो भोंगा केबिनच्या भिंतीतून छातीपर्यंत येतो. चंद्र दिसण्याची आशा नव्हतीच. दुपारी दोन वाजून गेल्यावर यजमानांनी मनगटाकडे पाहून जाहीर केले की साताऱ्यात आत्ता चंद्रोदय झाला आहे, आता जेवून घ्यायला हरकत नाही. कालनिर्णयच्या आधाराने भर दुपारी संकष्टी सोडणारी अटलांटिकवरची मी पहिलीच बाई नसेन, असे मी मनाला समजावले.

पश्चिमेच्या प्रवासात जे मिळाले नाही ते म्हणजे उघडा डेक. उत्तर अटलांटिकच्या या पट्ट्यात वर्षाचे बहुतेक दिवस वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. बोट ताशी वीस-बावीस सागरी मैलांनी पश्चिमेला जात असेल आणि समोरून तेवढाच वारा असेल, तर डेकवर उभ्या माणसाला दोन्हींची बेरीज सोसावी लागते, आणि ती ताशी पाऊणशे किलोमीटरच्या घरात जाते. जुलैत यवतेश्वराच्या चढावर वाऱ्याच्या तोंडाला दुचाकी घालणाऱ्याला त्याची थोडीफार कल्पना येईल. डेकचे दार उघडायला दोघे लागत. लाटाही समोरून येत असल्याने बोट पुढूनमागून वरखाली होते, आणि दोन्ही बाजूंना पाण्याखाली पसरलेले तिचे स्थिरक पंख आडवे डोलणे कमी करतात तसे हे वरखाली होणे कमी करू शकत नाहीत. ज्यांना बस लागते त्यांना बोटही लागते. त्यांनी दिशा कोणतीही असली तरी बोटीच्या मधली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. पुढच्या टोकाच्या केबिनी दिसायला छान असतात, पण झोपायला नव्हेत.

वारा आणि प्रवाह यांचा हा पक्षपात जुना आहे. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकन वसाहतींच्या टपालखात्याचे उपप्रमुख असताना, इंग्लंडहून न्यूयॉर्कला टपाल आणणाऱ्या बोटींना व्यापारी बोटींपेक्षा पंधरवडाभर जास्त वेळ का लागतो, अशी तक्रार त्यांच्यापुढे आली. नॅनटकेट बेटावरचे टिमोथी फोल्जर हे देवमाशांच्या शिकारीत मुरलेले कप्तान आणि त्यांचे नातेवाईक होते. टपालाच्या बोटी गल्फ स्ट्रीमच्या पोटातून उलट्या चालवल्या जातात, हे कारण त्यांनी सांगितले आणि १७६९ च्या सुमारास त्या प्रवाहाचा नकाशा तयार करून दिला. इंग्रज कप्तानांनी तो फारसा मनावर घेतला नाही. पुढे वाफेच्या बोटींचा जमाना आला तेव्हा सर्वांत वेगवान बोटीचा ब्लू रिबँड हा मान फक्त पश्चिमेकडच्या फेरीसाठी धरला गेला, कारण खरा कस त्याच दिशेला लागतो. एसएस युनायटेड स्टेट्स या बोटीने जुलै १९५२ मध्ये पूर्वेकडे ३ दिवस १० तास ४० मिनिटांत मजल मारली आणि परतताना पश्चिमेकडे ३ दिवस १२ तास १२ मिनिटे घेतली. मान मिळाला तो दुसऱ्या आकड्याला. आमच्या घोळक्यातल्या एका काकांनी लगेच आठवण करून दिली होती की एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिकसुद्धा पश्चिमेलाच निघाली होती. त्यांचे म्हणणे खरेच आहे, पण त्या अपघातानंतर हिमनगांवर पाळत ठेवणारी आंतरराष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली आणि हिमनगांच्या मोसमात बोटींचा मार्ग दक्षिणेला सरकवला जातो, हेही त्यांना सांगावे लागले.

मग दुसऱ्या खेपेला आम्ही उलट दिशा का घेतली? इंग्रजांचा सल्ला चुकीचा नाही, पण तो त्यांच्यासाठी आहे. त्यांच्या प्रवासाचे एक टोक त्यांचे घर असते, त्यामुळे बोट एका दिशेने आणि विमान दुसऱ्या दिशेने, एवढाच त्यांचा हिशेब. आपले घर या दोन्ही टोकांना नाही. साताऱ्याहून निघालेल्या माणसासाठी अटलांटिक हा प्रवासाचा मधला टप्पा आहे, आणि म्हणून तासांची बेरीजवजाबाकी साताऱ्यापासून मांडायला हवी. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते आणि लंडन साडेचार तास. म्हणजे साडेनऊ तासांच्या या दरीतले पाच तास बोट अलगद भरून देते. प्रश्न एवढाच उरतो की ही मदत शरीराला जाताना अधिक लागते की येताना.

माणसाच्या शरीरातले घड्याळ चोवीस तासांचे नाही. हार्वर्डमधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये बाहेरच्या उजेडापासून आणि वेळापत्रकापासून माणसांना दूर ठेवून ते मोजले तेव्हा ते सरासरी २४ तास ११ मिनिटांचे निघाले. ते मुळातच किंचित रेंगाळणारे असल्याने दिवस लांबवणे त्याला सोपे जाते आणि आखूड करणे जड. पश्चिमेला जाताना आपण दिवस लांबवतो. म्हणून न्यू जर्सीला विमानाने गेलेले आपले लोक चार दिवस पहाटे तीनला उठून मुलांच्या स्वयंपाकघरात भांडी वाजवतात आणि मग रुळतात. परतताना मात्र साडेनऊ तास पुढे उडी घ्यायची असते, आणि पुढे सरकण्याचा शरीराचा वेग दिवसाला साधारण एक तास एवढाच आहे. घोळक्यातली झोपेची सगळी गाऱ्हाणी परतीच्या प्रवासाची असतात, ती यामुळेच. आणि दिवसाला एक तास हाच तर पूर्वेकडे जाणाऱ्या बोटीचा वेग आहे! ज्या तेवीस तासांच्या दिवसाला इंग्रज प्रवासी नाक मुरडतो तोच आपल्याला औषधाच्या मात्रेसारखा उपयोगी पडतो. जाताना मिळणारे पाच तास ही चैन आहे, आणि येताना दिलेले पाच तास ही सोय आहे. साठी उलटलेल्या माणसाने सोय निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वेची बोट आम्ही ऑगस्टच्या अखेरीस, गणपतीच्या आधी घरी पोहोचायचे म्हणून धरली. या दिशेला घड्याळ रात्री पुढे न करता भर दुपारी पुढे करण्याची पद्धत आमच्या बोटीवर होती. बाराचा ठोका पडे, कप्तानाचे निवेदन होई आणि पाहता पाहता एक वाजलेला असे. त्यामुळे कोणाची झोप कापली जात नाही. कापली जाते ती दुपार, आणि नुकताच नाश्ता केलेला माणूस पुन्हा जेवायला बसतो. यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ सांभाळण्यासाठी मात्र वहीत तक्ता आखावा लागला. संध्याकाळी प्रत्येकाला वाटे की दिवस हातातून निसटला, आणि ही तक्रार मी मान्य करते. वाचायला नेलेली पुस्तके पश्चिमेच्या प्रवासात संपली होती, ती या वेळी निम्मीच झाली.

परंतु डेक मिळाला. वारा पाठीशी असल्यामुळे आणि त्याचा वेग बोटीच्या वेगाइतकाच असल्यामुळे कित्येक तास डेकवर वाऱ्याची झुळूकही लागत नसे. आजूबाजूला लाटांवर पांढरा फेस दिसत असे आणि माझ्या हातातल्या कागदाचा कोपराही हलत नसे. पहिल्या प्रवासात तोंडावर मारणारा वारा तोच होता, पण आता आम्ही त्याच्या बरोबरीने चाललो होतो. बोट मात्र मागून तिरक्या येणाऱ्या लाटांनी थोडी आडवी डोलते, आणि ज्यांना हे सोसत नाही त्यांना पश्चिमेचे वरखाली होणे बरे वाटेल. बाल्कनीची केबिन घ्यायची असेल तर तिची बाजू दिशेप्रमाणे बदलते, हेही इथे सांगून टाकते. सूर्य दक्षिणेकडे असतो, तेव्हा पश्चिमेला जाताना ऊन डाव्या बाजूला येते आणि पूर्वेला जाताना उजव्या.

न्यूयॉर्कचे बंदर पूर्वेकडून येणाऱ्यालाच खरे पाहायला मिळते, असेही सांगितले जाते. पहाटेच्या अंधारात बोट व्हेराझानो नॅरोज पुलाखालून जाते, तेव्हा तिचे धुराडे पुलाला घासणार असे खालून पाहणाऱ्याला वाटते. धुराड्याची उंचीच हा पूल लक्षात घेऊन ठरवलेली आहे. मग स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि त्यामागे मॅनहॅटनचे दिवे दिसतात. हे दृश्य मोठे आहे, पण त्यासाठी चार वाजता थंडीत उठून उभे राहावे लागते. पूर्वेकडे निघताना हेच सगळे संध्याकाळच्या उन्हात, चहा पिऊन झाल्यावर, उलट्या क्रमाने दिसते. आमची लेक आणि नात ब्रुकलिनच्या धक्क्याशेजारच्या लहानशा बागेत, पाण्याच्या कडेला येऊन उभ्या होत्या. विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या दाराशी निरोप एका मिनिटात संपतो. इथे बोट धक्क्यावरून सुटायला, वळायला आणि नजरेआड व्हायला एवढा वेळ लागला की नातीचे हात हलवणे संपून ती खेळायला लागली होती, पुन्हा आठवण होऊन हात हलवत होती, आणि आम्ही अजून तिला दिसत होतो.

मोसमाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो आपल्यासाठी चमत्कारिकपणे उलटा पडतो. फ्लोरिडा आणि कॅरिबियन भागात हिवाळा काढलेल्या क्रूझच्या बोटी एप्रिल-मेमध्ये युरोपकडे, म्हणजे पूर्वेला जातात आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान पश्चिमेला परततात. या फेऱ्या बोटींना जागा बदलण्यासाठी कराव्याच लागतात आणि सलग अनेक दिवस बंदर लागत नाही, म्हणून त्यांची तिकिटे बहुधा स्वस्त असतात. वाटेत अझोर्स बेटांवरचे पोंता देल्गादा किंवा मदेरावरचे फुंचाल लागते. आपले आईवडील मात्र एप्रिल-मेमध्ये अमेरिकेला जातात आणि थंडी पडायच्या आत, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परततात. म्हणजे आपल्याला जायचे असते तेव्हा त्या बोटी येत असतात आणि आपल्याला यायचे असते तेव्हा त्या जात असतात. शिवाय त्या पश्चिमेला निघतात तो काळ अटलांटिकच्या चक्रीवादळांचा. स्वस्ताईच्या मोहाने हा मार्ग धरायचाच असेल तर सगळे वेळापत्रक उलटे करून हिवाळा मुलीकडे काढावा लागेल, आणि न्यू जर्सीच्या जानेवारीत साताऱ्याचा माणूस घराबाहेर पडत नाही.

मराठी माणसाला हा समुद्र नवा नाही. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा तो पुतळा तिथे उभाही नव्हता. १८८६ मध्ये डॉक्टर होऊन त्या पूर्वेकडे परतल्या त्या आजारी अवस्थेत, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ च्या प्रारंभी, हिवाळ्याच्या खवळलेल्या समुद्रावरून इंग्लंडहून पश्चिमेला फिलाडेल्फियास गेल्या होत्या. रमाबाईंचे पुढचे कर्तृत्व सर्वांना माहीत आहे, पण त्या परतल्या कशा हे फार कोणी लक्षात घेत नाही. अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे काढून त्यांनी अटलांटिक पुन्हा ओलांडलाच नाही. सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक महासागरावरून जपान आणि हाँगकाँगमार्गे त्या १८८९ च्या सुरुवातीला मुंबईत आल्या. हिंदुस्थानातून इंग्लंड, तिथून अमेरिका आणि तिथून घर, असा सगळा प्रवास त्यांनी पश्चिमेकडे तोंड करूनच केला. घड्याळाचे सगळे तास त्यांना मिळत गेले आणि पॅसिफिकमधली तारखेची रेषा ओलांडताना अख्खा एक दिवस एकदम भरावा लागला. पूर्व की पश्चिम या वादावर यापेक्षा बाणेदार उत्तर मला दुसरे ठाऊक नाही.

व्हिसाच्या बाबतीत मात्र पश्चिमेची दिशा सोपी आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ब्रिटनच्या व्हिसासाठी प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी अर्ज करता येतो. जाताना बोट घेतली तर तो व्हिसा ताजा असतो. येताना घ्यायची असेल आणि लेकीकडे पाच महिने राहायचे असेल तर हा हिशेब जमत नाही आणि अर्ज अमेरिकेतून करण्याची खटपट अंगावर येते. आम्ही मुक्काम आखूड केला, त्यावर लेक रुसली. एका प्रवास कंपनीने तर साउदॅम्प्टनला बोटीतून उतरून त्याच दिवशी विमान धरायचे असल्याने व्हिसाची गरजच नाही, असे आम्हाला छातीठोकपणे सांगितले होते. असल्या सल्ल्यावर विसंबू नये.

हे सगळे ऐकून गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या वहिनी मोठ्या उत्साहाने घरी आल्या. मी पहिला प्रश्न विचारला तो मुलगा राहतो कुठे हा. तो सॅन होजेला असतो, असे त्या म्हणाल्या. कॅलिफोर्निया आपल्यापासून उन्हाळ्यात साडेबारा तास दूर. म्हणजे जवळजवळ अर्धी पृथ्वी. तिथून पूर्वेने या की पश्चिमेने, शरीराला सारखाच फटका, आणि बोटीसाठी आधी अख्खी अमेरिका विमानाने ओलांडून न्यूयॉर्क गाठायचे. मी त्यांना सरळ मुंबईहून विमानाची तिकिटे काढायला सांगितली.